द्राक्षवेल देशोदेशी : एक अभ्यासपाठ



गेल्या ऑक्टोबर महिन्यात निफाड तालुक्यातील एका खेड्यात संध्याकाळच्या प्रार्थनासभेस जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. तेथील मंडळी बहुतेक द्राक्षमळ्यांत रोजाने काम करणारी. दिवसभर छाटणी करून, हातपाय धुऊन, दमलेली माणसे मंदिराच्या ओट्यावर येऊन बसली होती. त्यांच्या कामाला जुळेल असा पाठ घ्यावा म्हणून आम्ही योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला व द्राक्षवेल आणि त्याचे फाटे ह्यांविषयी बोललो. फळ देणाऱ्या फाट्याला माळी कात्री लावतो ती त्याने अधिक फळ द्यावे म्हणून. आपल्या आयुष्यातील दुःखेही तशीच समजावीत, असा बोध आम्ही केला. हा बोध आम्ही पाठशाळेत असताना शिकलो होतो व पुष्कळ ठिकाणी सांगितलाही होता.

सभा संपल्यावर एक वयस्क बाई मागे राहिल्या. तीस वर्षे त्यांच्या हाती छाटणीची कात्री आहे. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक विचारू का? तुम्ही छाटणी म्हणालात, ती कोणती? खरडीची का गोडीची? खरडीनंतर घड येत नाही, नुसती काडी वाढते. मग माणसानं कसं ओळखावं, आपली कोणती चाललीय?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही बायकोप्रमाणे, मुलाप्रमाणे जपलेली टिपणवही चाळली, पण तीत ह्या प्रश्नाला जागा नव्हती. आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, "मावशी, मला माहीत नाही. शोधून सांगतो." त्या शोधात जे हाती आले ते आज वाचकांपुढे, विशेषतः खेडोपाडी पाठ घेणाऱ्या उपदेशक बंधूंपुढे, मांडावे असे योजिले आहे. कारण आमची चूक बोधात होती त्याहून अधिक चित्रात होती. शास्त्रातील द्राक्षवेल आम्ही नाशिकच्या मांडवावर चढवून पाहत होतो, आणि नाशिकच्या मांडवाचीही आम्हांस नीट ओळख नव्हती.

१. वेलाचा स्वभाव

आंबा, चिंच, वड ही झाडे कोठेही लावा. लांबून पाहूनच ती ओळखता येतात. परमेश्वराने त्यांस आपापला आकार दिला आहे. द्राक्षवेलाला मात्र स्वतःचा आकार नाही. त्याचे खोड स्वतःच्या बळावर फार उंच उभे राहत नाही. रानात तो तणाव्यांनी, ज्यांस आपले बागायतदार बाळी म्हणतात, शेजारच्या झाडाला धरतो आणि उजेडाकडे चढत जातो. मळ्यात त्याला आकार देतो तो माणूस. आणि माणसाला तो आकार सुचवतात तीन धनी : ऊन, वारा व पाणी.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षाचा घड जुन्या लाकडावर येत नाही. तो नव्या फुटीवर येतो, आणि ती फूट मागील हंगामात पिकलेल्या काडीच्या डोळ्यातून निघते. वेलाला मोकळा सोडला तर लाकूड दूरदूर पसरते, फूट उदंड होते आणि घड लहान व विरळ राहतात. म्हणून जगात जेथे जेथे द्राक्षाची लागवड आहे तेथे तेथे छाटणी आहे. आकार मात्र प्रत्येक देशाचा निराळा. तो का निराळा, हे आता क्रमाने पाहू.

२. यहूदियाच्या डोंगरावर

प्रथम शास्त्राच्या देशात जाऊ. जेरुसलेमच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर हेब्रोन आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीचा हा डोंगराळ मुलूख फार प्राचीन काळापासून द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. मोशेने पाठविलेले हेर ह्याच भागातील अष्कोल खोऱ्यातून एक घड कापून दोघांच्या खांद्यांवर काठीला टांगून घेऊन आले, असे गणना पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत आकाश कोरडे असते. वेलाला जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर आणि रात्रीच्या दवावर दिवस काढावे लागतात.

अशा देशात जुनी रीत पुढीलप्रमाणे होती. डोंगराच्या उतारावर दगडांच्या ताली रचून माती अडवीत. वेलाचे खोड जाड, आखूड, एका अंगास कललेले. त्यास मांडव नाही, तारही नाही. फाटे जमिनीवरच पसरत. पानांच्या सावलीने जमीन झाकली जाई व ओल टिके. घड भरू लागले म्हणजे ते मातीला लागून कुजू नयेत म्हणून फाट्याखाली दगड ठेवीत किंवा दुबेळक्याची काठी लावून फाटा उचलून धरीत. दुरून पाहणाऱ्यास हा मळा आपल्याकडील भोपळ्याच्या वाडीसारखा वाटावा. अलीकडे हेब्रोनमध्येही तारा व मांडव झाले आहेत. तेथील रहिवासी बहुतांशी मुसलमान असल्यामुळे द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी, मनुक्यांसाठी व 'दिब्स' नावाच्या काकवीसारख्या दाट पाकासाठी पिकवितात. तथापि दगडी ताली आणि जुने राखणीचे बुरूज त्या डोंगरांत ठिकठिकाणी दिसतात. जेरुसलेमच्या दक्षिणेस बत्तीर गावाच्या आसपासचा असा मुलूख २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आला.

आता हे जमिनीलगतचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून शास्त्र उघडा. गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात द्राक्षमळ्याची नासधूस करणारे लहान कोल्हे आहेत. आपल्याकडे डोक्याहून उंच मांडवावरील घडाला कोल्हा काय करणार, असे एका शाळेतील मुलाने आम्हांस विचारले होते. फळ जमिनीलगत असेल तर तो काय करील हे सांगावे लागत नाही. ऐंशीव्या स्तोत्रात कुंपण मोडल्याचा व रानडुकराने वेल उद्ध्वस्त केल्याचा विलाप आहे. तोही येथेच समजतो. यशयाच्या पाचव्या अध्यायातील मालक जमीन खणतो, धोंडे वेचून काढतो, बुरूज बांधतो, कुंड खोदतो. त्या डोंगरात वेचलेले धोंडे टाकून देण्याची रीत नाही. त्यांचीच ताल होते, त्यांचेच कुंपण होते, त्यांचाच बुरूज होतो. कुंड म्हणजे खडकात कोरलेला हौद : वरच्या भागात द्राक्षे तुडवायची आणि रस खालच्या भागात उतरवून घ्यायचा. असे कोरीव हौद त्या देशात आजही पुष्कळ सापडतात. हे सर्व श्रम एका वर्षाचे नव्हेत. म्हणूनच त्या मालकाच्या वाट्याला आंबट रानद्राक्षे आली तेव्हा त्याचे दुःख केवढे असेल ते पाहावे.

तथापि एकच आकार होता असेही समजू नये. यहेज्केलाच्या सतराव्या अध्यायात ठेंगणा, पसरणारा वेल आहे. एकोणिसाव्यात उंच वाढलेला आहे. मीखाच्या चौथ्या अध्यायात प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलाखाली निर्भयपणे बसलेला आहे. जमिनीवर लोळणाऱ्या वेलाखाली कोणी बसू शकत नाही. घराच्या अंगणातील वेल वर चढवीत व डोंगरावरील वेल खाली ठेवीत, असे ह्यावरून दिसते. एकाच देशात ही दोन रूपे असतील, तर जगात किती असतील!

३. वाऱ्याच्या बेटांवर

यहूदियात वेल खाली ठेवला तो मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे. त्याच समुद्राच्या दुसऱ्या बाजूस, ग्रीस देशाच्या सांतोरिनी बेटावर, तो त्याहूनही खाली बसला आहे. आणि तेथे कारण आहे वारा. हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीचा उरलेला काठ होय. ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० च्या सुमारास त्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला व बेट राखेने आणि पोकळ हलक्या दगडांनी झाकले गेले. झाडी विरळ, पाऊस थोडा आणि उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वारा असा की कोवळी फूट मोडून जावी. तेथील शेतकरी वेलाच्या काड्या वर्षानुवर्षे एकमेकींत गुंफून जमिनीवर टोपलीसारखे वेटोळे करतो. त्यास ते लोक 'कुलूरा' म्हणतात. पाने बाहेरच्या बाजूस वारा व ऊन अंगावर घेतात आणि घड टोपलीच्या आत सुरक्षित वाढतात. समुद्रावरून येणारे धुके व दव त्या सच्छिद्र मातीत मुरते. तेवढेच वेलाचे पाणी. पुष्कळ वर्षांनी टोपली म्हातारी झाली म्हणजे ती बुंध्याशी कापतात आणि जुन्याच मुळांतून नवा वेल फुटतो. त्यामुळे टोपली तरुण असली तरी मुळे अनेक पिढ्यांची असतात.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्पेन देशाच्या ताब्यातील लांझारोते नावाचे बेट आहे. तेथे १७३० च्या सप्टेंबरात जमीन फाटली व १७३६ पर्यंत आग आणि राख ओकत राहिली. यायझा गावचे पाद्री आंद्रेस लोरेंझो कुर्बेलो ह्यांनी डोळ्यांनी पाहिलेली हकीकत लिहून ठेविली आहे. गावे गाडली गेली, चांगली शेते राखेखाली गेली. आता येथे काही पिकणार नाही असे वाटावे. परंतु जे लोक मागे राहिले त्यांच्या ध्यानात आले की काळी राख रात्रीचे दव शोषून घेते आणि खालच्या मातीतील ओल उडू देत नाही. मग त्यांनी राखेत मोठमोठे खड्डे खणले, काही तर पुरुषभर उंचीहून खोल; तळाच्या जुन्या मातीत एकेक वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूस काळ्या दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत रचली. वर्षाकाठी अवघा १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या बेटावर काळ्याभोर उतारावर असे हजारो खड्डे आहेत व प्रत्येकाच्या तळाशी हिरवा वेल आहे. ज्या राखेने शेत गाडले तीच पुढे वेलाची पाणपोई झाली.

४. थंडीच्या देशांत

आता उत्तरेकडे वळू. जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे पन्नासाव्या अक्षांशाजवळ आहे. तेथे पाणी पुरेसे. उणीव आहे ती उन्हाची. म्हणून तेथील शेतकरी वेलाला खाली लपवीत नाही, तर उन्हाच्या समोर उभा करतो. नदीच्या वळणावरील दक्षिणेकडे तोंड केलेले कडे निवडून त्यांवर मळे केले आहेत. ब्रेम गावाजवळील काल्मोंट नावाचा उतार तर सुमारे ६५ अंशांचा असून युरोपातील सर्वांत उभ्या मळ्यांत त्याची गणना होते. जमिनीवर पाटीच्या दगडाच्या काळसर चिपा असतात. त्या दिवसा तापतात व रात्री वेलाला ऊब देतात. जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक वेलाला एक स्वतंत्र खांब असतो आणि छाटणीनंतर राखलेल्या दोन काड्या दोन अंगांनी वाकवून खाली बांधतात, तेव्हा हृदयाची आकृती दिसते. अशा कड्यावर यंत्र नीट चालत नाही. पुष्कळसे काम हातानेच करावे लागते. पावसाने माती खाली वाहून आली की पूर्वी ती टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेत असत.

ह्याहून कठीण हिवाळा चीन देशाच्या वायव्येस तुर्पान येथे आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीहूनही खोल; उन्हाळ्यात भट्टीसारखा आणि हिवाळ्यात गोठविणारा. डोंगरातील बर्फाचे पाणी 'कारेझ' नावाच्या भुयारी पाटांतून मळ्यांत आणतात. उन्हाळ्यात वेल मांडवावर असतो. पण शरद ऋतूच्या अखेरीस तो खाली उतरवून मातीत पुरतात व वसंतात पुन्हा उकरून वर चढवितात. शेजारी कच्च्या विटांची, भिंतींस जाळीसारखी भोके ठेवलेली घरे असतात. त्यांत घड टांगून ठेविले की कोरडा गरम वारा आरपार वाहतो आणि हिरवट मनुका तयार होतो. जो प्रवासी हिवाळ्यात तेथे जाईल त्याला मळ्यात केवळ मातीचे उंचवटे दिसतील. वेल मेला असे त्याने म्हटले, तर ती त्याची घाई ठरेल.

५. झाडावर चढलेला वेल

आतापर्यंत आपण पाहिलेले वेल माणसाच्या हाताशी होते. इटलीमध्ये नेपल्स शहराजवळ आवेर्सा येथे मात्र वेल उंच झाडांवर चढविण्याची फार जुनी चाल आहे. पॉप्लर जातीची झाडे रांगेने उभी करून त्यांमधून वेल पंधरा मीटरपर्यंत नेतात, आणि तोडणाऱ्यास लांब, अरुंद शिड्यांवर चढून घड खाली सोडावे लागतात. खाली दुसरे पीक घेता येते व सुपीक ओलसर जमिनीत घड उंचावर कोरडे राहतात, असा त्यात लाभ आहे. जुने रोमी लोक ह्यास झाडाशी वेलाचे लग्न लावणे म्हणत.

परंतु ह्या लग्नाची किंमत कोण देत असे? इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला रोमी लेखक प्लिनी सांगतो की, ह्या भागात झाडांवरील द्राक्षे तोडण्यास लावलेला मजूर आपल्या करारात दहनाचा व पुरण्याचा खर्चही मालकाकडून कबूल करून घेत असे. मळ्याचे रूप पाहताना आपण पाने व घड पाहतो. शिडीवरचा माणूस सहसा पाहत नाही. प्रभूने मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला दिला, तेव्हा त्यात वेलाचे वर्णन एका शब्दानेही केले नाही. सगळी गोष्ट मजुरांची व त्यांच्या रोजाची आहे.

६. आमच्या दख्खनमध्ये

आता घरी येऊ. दख्खनमध्ये द्राक्षे नवी नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहिले आहे. ह्या 'दोनदा'मध्येच आपल्या देशाचे मर्म आहे. यहूदियात, जर्मनीत, तुर्पानात हिवाळ्याची थंडी वेलाला झोपविते. त्याची पाने गळतात, रस उतरतो, आणि वसंतात तो आपोआप जागा होतो. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. येथे बर्फ नाही. वेलाला खरी झोप लागतच नाही. म्हणून थंडीने जे करावयाचे ते येथे कात्रीने करावे लागते.

पूर्वी आपल्याकडे वेलाला पांगाऱ्याच्या जिवंत खुंटाचा आधार देत. पुढे लोखंडी अँगल व तारांचे मांडव आले. डोक्याच्या वर पानांचे छप्पर, त्याखाली सावलीत लोंबणारे घड. कडक उन्हाने मणी करपू नयेत म्हणून ही योजना. आता पुष्कळ ठिकाणी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दोन फाकलेल्या हातांची मांडणी दिसते. तीत हवा खेळती राहते, भुरी व केवडा ह्या रोगांना आळा बसतो आणि फवारणी सोपी जाते. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे ह्या जिल्ह्यांत थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या जाती होतात. वेल बहुधा डॉगरिज नावाच्या अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम केलेले असतात, कारण तो खुंट दुष्काळ व खारट पाणी अधिक सोसतो.

छाटण्या दोन. एप्रिलमध्ये, तोडणी संपल्यावर, खरड छाटणी. ओलांड्यावरील काड्या एकदोन डोळे राखून खरडून काढतात. मांडव उघडा पडतो, ऐन उन्हाळ्यात वेल नागवा दिसतो. मग फूट येते, काडी वाढते, पण घड येत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास गोडीची छाटणी. तेव्हा पिकलेल्या काडीवर योग्य डोळा पाहून कात्री लावतात, डोळे जागे व्हावेत म्हणून त्यांस औषध फासतात, आणि त्या फुटीबरोबर घड बाहेर पडतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणी चालते. मध्यंतरी बगलफूट काढणे, शेंडा मारणे, घडांची विरळणी करणे ही कामे असतात. ती करणाऱ्या टोळ्या पेठ, सुरगाणा, हरसूल भागांतून येतात व मळ्याच्या बांधावर पाल टाकून राहतात. ह्या बंधुभगिनींपैकी काही आमच्या सभांना येतात.

७. त्या प्रश्नाचे उत्तर

ह्या सर्वांत आम्हांस जे कळले ते असे. घड गोडीच्या छाटणीनंतर दिसतो खरा, परंतु तो तेव्हा तयार होत नाही. खरड छाटणीनंतर जी बिनफळाची काडी वाढते, तिच्या कोवळ्या डोळ्यांच्या आत, उन्हाळ्याच्या प्रकाशात, पुढील हंगामाच्या घडाची घडण सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही. खरड नीट झाली नाही, किंवा त्या दिवसांत वेलाला पुरेसा प्रकाश मिळाला नाही, तर ऑक्टोबरात कितीही कुशल हाताने छाटले तरी काडी वांझ निघते.

यहूदियाच्या डोंगरावर छाटणी मुख्यतः एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस, वेल निजलेला असताना. आपल्या दोन छाटण्यांचा हेतू तेथे एकाच छाटणीत साधतो. पुढे उन्हाळ्यात नको ती फूट खुडतात. तेव्हा प्रभूच्या शिष्यांपुढे खरडीची की गोडीची हा प्रश्नच नव्हता. मूळ ग्रीक शब्दांत आणखी एक गोष्ट आहे. फळ देणाऱ्या फाट्याविषयी जे क्रियापद आहे, 'कथायरो', त्याचा मूळ अर्थ स्वच्छ करणे. आणि लगेच पुढच्या वचनात शिष्य स्वच्छ आहेत असे प्रभू म्हणतो, तोही शब्द त्याच धातूचा. ते स्वच्छ झाले कशाने? दुःखाने नव्हे, तर त्याने सांगितलेल्या वचनाने, असे तेथे स्पष्ट आहे. फळ न देणाऱ्या फाट्याविषयी 'आयरो' हे क्रियापद आहे. त्याचे 'काढून नेणे' व 'उचलणे' असे दोन्ही अर्थ होतात. बहुतेक भाषांतरकारांनी पहिला घेतला आहे. काही अभ्यासक, जमिनीवरील फाटा उचलून दगडावर ठेवण्याची रीत ध्यानात आणून, दुसरा सुचवितात. सहाव्या वचनात वाळलेले फाटे जाळण्याचा उल्लेख असल्यामुळे पहिला अर्थ सहज सोडता येत नाही. सभेत ह्याविषयी वाद न माजविता दोन्ही अर्थ सांगावेत, हे बरे.

ह्यावरून आमची चूक आम्हांस दिसली. प्रत्येक दुःखाला छाटणी म्हणण्याचा अधिकार ह्या पाठाने आम्हांस दिलेला नव्हता. एखाद्याचे मूल गेले, एखाद्याचे पीक गारांनी झोडपले, तर ही देवाची कात्री असे त्याच्या तोंडावर सांगणे म्हणजे माळ्याचे काम आपल्या हाती घेणे होय. पाठाचा भर कात्रीवर नाहीच. फाट्याने वेलात राहण्यावर आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. तोडणी चालू होती. मावशी मांडवाखाली पाटीत घड रचीत होत्या. आम्ही त्यांस शोधलेले सर्व सांगितले : तेथील वेल जमिनीवर असतो, छाटणी एकदाच होते, हिवाळ्यात तो झोपतो. शेवटी म्हणालो, "मावशी, कोणाची कोणती छाटणी चालली आहे, किंवा ती छाटणीच आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. ज्या दिवसांत काही दिसत नाही त्याच दिवसांत डोळ्यात घड बसतो, एवढे मात्र तुमच्याच वेलाकडून शिकलो."

त्या थोडा वेळ काम करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊकच होतं, साहेब. पण तिथला वेल वरसातून एकदा निजतो, हे बरं हाय. हितल्याला उसंत नाही, अन् आम्हालाबी."

उपदेशक बंधूंनो, पुढच्या वेळी द्राक्षमळ्याचा पाठ घ्याल तेव्हा प्रथम मळ्यात काम करणाऱ्यांस विचारा, मग बोला. आणि सभा लवकर सोडा. ती माणसे पहाटे उठलेली असतात.

वर्गासाठी प्रश्न

१. द्राक्षवेलाला स्वतःचा आकार नसतो ह्याचे कारण काय? आपल्या गावच्या मांडवाचा आकार कोणत्या गरजेतून आला आहे?

२. यशया ५, गीतरत्न २ व स्तोत्र ८० वाचा. वेल जमिनीलगत आहे असे समजून वाचल्यास कोणत्या गोष्टी अधिक स्पष्ट होतात?

३. सांतोरिनी व मोझेल येथील वेलांची रूपे एकमेकांच्या उलट का आहेत?

४. मत्तय २० मधील मजूर व आपल्या गावी येणाऱ्या टोळ्या ह्यांत काय साम्य आहे? आपली मंडळी त्यांच्यासाठी काय करते?